पुण्याला जायच्या आधी

प्रिय मनू,

उद्या गाडीत बोलू म्हटलं होतं पण बाबा असले की माझं निम्मं राहूनच जातं, म्हणून आत्ता रात्रीच टाईप करतेय.

तू साडेतीन वर्षांची होतीस, वजन 10 किलो, पोट नगाऱ्यासारखं आणि हातापायाच्या नुसत्या काड्या. वर्षभर जंताचं औषध झालं, टॉनिकं झाली, मग एका डॉक्टरांनी टीटीजीची रक्ततपासणी सांगितली आणि एन्डोस्कोपीत सीलिअ‍ॅक आहे हे नक्की झालं, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन नावाचं प्रथिन तुझ्या आतड्याला इजा करतं. मला वाटलं पोळी बंद केली की झालं. पण सहा महिन्यांनी टेस्ट केली तर आकडा जवळपास तिथेच, आणि मी तर गव्हाचा कणसुद्धा देत नव्हते गं तुला. डाएटिशियन मॅडमनी विचारलं, हिंग कुठला वापरता? घरी येऊन डबी खिडकीपाशी नेली, बारीक अक्षरात लिहिलेलं, गव्हाचं पीठ. रोजच्या वरणाच्या फोडणीतून मीच घालत होते. शिवाय गिरणीत आपली ज्वारी गव्हाच्या मागोमाग दळली जायची ते वेगळंच. त्याच महिन्यात घरघंटी आली, खडा हिंग आला, तुझा तवा वेगळा झाला.

पण लिहायचंय ते हे नाही. तू चौथीत असताना शेजारच्या काकूंकडे सत्यनारायण होता, त्यांनी शिरा हातावर ठेवला, देवाचा प्रसाद आहे, एवढ्याशाने काय होतंय म्हणाल्या आणि तू खाल्लास. रात्रभर उलट्या. आणि मी काकूंना काही बोलले नाही, तुला ओरडले. त्यानंतर दोनदा तू बाहेर काही खाल्लंस आणि मला सांगितलंच नाहीस, ते मला खूप उशिरा कळलं. ती चूक माझी होती, तुझी नाही. एवढ्या वर्षांत हे तुला कधी म्हटलं नव्हतं.

आता फ्लॅटवर मैत्रिणींचा गव्हाचा तवा असणार, नूडल्सचा सोया सॉस असणार, त्यातही गहू असतो. पाकिटावर ग्लूटेन-फ्री लिहायचं तर ग्लूटेन किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत लागतं, एवढ्याशाने होतं ते यावरून समज. कोणाला वाईट वाटेल म्हणून खाऊ नकोस. आणि तरी चुकून खाल्लं गेलं तर त्याच रात्री मला फोन कर, दोन वाजलेले असले तरी, मी ओरडणार नाही, फक्त काय खाल्लंस आणि पोट कसंय एवढंच विचारेन.

5 किलो पीठ दळून निळ्या डब्यात भरलंय, खडा हिंग त्याच पिशवीत आहे. भाकरीला उकळतं पाणी घे हं, ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो, उकड नीट झाली नाही तर कडा चिरतात. पहिल्या चार-पाच चिरतीलच, माझ्याही चिरल्या होत्या.

आई