बाबा बिल्डर नव्हते

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात पान चारवर, डावीकडे अगदी तळाला, ‘कुटुंबवत्सल बांधकाम व्यावसायिकाचे निधन’ ही बातमी वाचली. बातमी आमच्या बाबांची आहे हे फोटोवरून कळलं. आठ ओळींत नाव आणि वय बरोबर छापलंत, त्याबद्दल आभारी आहे.

बाबा बांधकाम व्यावसायिक नव्हते. जन्मात त्यांनी एकही फ्लॅट विकला नाही. घेतला तो एकच, निवृत्तीनंतर, फंडाच्या पैशांतून. आणि ताबा घेताना बिल्डरच्या माणसाला गच्चीवर उन्हात दोन तास उभं करून वॉटरप्रूफिंगचा उतार तपासायला लावला. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढलेला सिव्हिल इंजिनिअर होता तो माणूस. आम्ही दिलेल्या कागदावर ‘स्थापत्य अभियंता’ असं स्वच्छ लिहिलं होतं. आपल्याकडे सिमेंटला हात लावला की माणूस बिल्डरच होतो का? दर १५ सप्टेंबरला, अभियंता दिनी, आपण विश्वेश्वरय्यांचा फोटो छापता, एखाद्या वर्षी त्यांनाही बांधकाम व्यावसायिक करून टाकाल अशी भीती वाटते. बाबा तो अंक वाचून दरवर्षी चिडायचे. ‘हा माणूस पुण्यात शिकला, खडकवासल्याला १९०३ साली आपोआप उघडणारे दरवाजे याने बसवले, आणि हे छापतात काय, तर फेटा!’

आता ‘कुटुंबवत्सल’. हा शब्द आम्ही दिला नव्हता, तो आपल्याकडे बहुधा खिळे जुळवून तयारच असावा. आईला वाचून दाखवला तर ती तीन दिवसांत पहिल्यांदा हसली. म्हणाली, “कोयनेला विचार म्हणावं त्यांना.”

म्हणून कोयना धरणाजवळच्या भूकंपाचं सांगते. मी सात वर्षांची होते, धाकटी तीन. ११ डिसेंबर १९६७, पहाटेचे चार वाजून गेलेले. क्वार्टरची भिंत आत आली, मांडणीवरची भांडी आमच्या अंथरुणावर. बाबांनी आम्हा दोघींना दोन काखांत मारलं, आईला ओढत बाहेर आणलं, मोकळ्यावर बसवलं आणि डोकी मोजली. तिघीच जणी, तरी दोनदा मोजली. अंगातला स्वेटर काढून धाकटीला गुंडाळला आणि बॅटरी घेऊन, त्या थंडीत नुसत्या बनियनवर, धरणाकडे चालू लागले. जमीन अजून हलतच होती. आई हाका मारत राहिली. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही असं आई सांगते, पाहिलं असं मला आठवतं. यावरून आमच्या घरात सत्तावन्न वर्षं वाद चालला आहे.

१०३ मीटर उंचीचं धरण आणि मागे सगळा शिवसागर जलाशय. जिथे भिंतीचा पाणी नसलेल्या बाजूचा उतार बदलतो त्या उंचीवर आडव्या भेगा पडल्या, आतल्या गॅलरीत गळती वाढली, पण धरण उभं राहिलं. कॉलनी मात्र बसली, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. बाबा परत आले ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, गुडघ्यापर्यंत ओले. आल्या आल्या आईने त्यांना काय सुनावलं ते छापण्याजोगं नाही. तिसऱ्या दिवशी आम्हाला खात्याच्या ट्रकमध्ये बसवून सदाशिव पेठेत आजीकडे पाठवलं आणि स्वतः थांबले. होळीपर्यंत तोंड दाखवलं नाही. याला आपण कुटुंबवत्सल म्हणता!

पण रोज एक पोस्टकार्ड यायचं. पत्त्याची अक्षरं ड्रॉइंगवरच्यासारखी, एका मापाची. मजकूर जेमतेम दोन ओळी, आणि खाली आमच्या पडक्या क्वार्टरचा नकाशा. स्वयंपाकघर, बाहेरची खोली, प्रत्येक भेगेशेजारी तिची रुंदी इंचात. एका कार्डावर कोपऱ्यात फुली करून बाण काढला होता आणि लिहिलं होतं: ‘बाहुली इथे आहे. डावा हात निखळला, बाकी मजबूत. छत काढल्यावर पाठवतो.’ बाहुली आली. हात तांब्याच्या तारेने बांधलेला होता, सळईला बांधतात तशी गाठ मारून.

पुढे बदली कुठेही असो, आमच्या पुस्तकांना कव्हरं घातली गेली ती रद्द झालेल्या नकाशांच्या अमोनिया प्रिंटची. वर्गात सगळ्यांच्या पुस्तकांना खाकी कागद, माझ्या भूगोलावर सांडव्याचा छेद. दप्तर उघडलं की वास यायचा. दार अडवायला घरात सहा इंची काँक्रीटचा ठोकळा असायचा, टेस्टिंगमधून उरलेला. आईचा शिरा सैल झाला की बाबा, ओल्या काँक्रीटचा सैलपणा म्हणजे स्लम्प तपासतात तशी, ताटात वाटी उपडी करून म्हणत, “स्लम्प जास्त आहे, माल परत पाठवा.” आई तो खरोखर परत न्यायची.

जाता जाता आणखी एक. आमची गल्ली दोन वर्षांपूर्वी काँक्रीटची केली. ज्यांनी कोणी केली त्यांनी उतार गटाराकडे न देता आमच्या पायरीकडे दिला आहे. नव्वदीच्या बाबांनी पारदर्शक नळीत पाणी भरून, एक टोक माझ्या हातात देऊन, भर रस्त्यात पाणसळ धरली होती. फरक निघाला पावणेदोन इंच. त्यावर त्यांनी आपल्याला आकृतीसह पत्र लिहिलं. आपण आकृती गाळून, पत्र अर्धं कापून छापलंत आणि मथळा दिलात ‘ज्येष्ठ नागरिकाची खंत’. खंत नव्हती ती, माप होतं. यंदाही पहिल्या पावसात पाणी पायरीवर आलं. त्यांनी खिडकीतून पाहिलं आणि म्हणाले, “पावणेदोन इंच.”

तरी कृपया दुरुस्ती छापावी. त्याच पानावर, त्याच टाइपात, तळाला नको. ‘पाटबंधारे’ हा शब्द हवा, ‘बांधकाम’ नको. ‘कुटुंबवत्सल’ राहू द्या, आईने हो म्हटलं आहे.

आणि आपल्या प्रतिनिधीने नेलेला फोटो परत हवा आहे. तो अल्बममधून काढून दिला होता, दुसरी प्रत नाही. मागे पेन्सिलीने काही आकडे आहेत, ते खोडू नयेत.

कळावे,
आपली जुनी वाचक,
सदाशिव पेठ, पुणे
(नाव सोबत दिले आहे, छापू नये.)