बाई, तुम्ही आधी कंपास पाहिलात

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्यापर्यंत कसं पोचवायचं ते मला कळत नाही. तुमचा जुना नंबर लागत नाही. शाळेत जाऊन विचारलं, तर "त्या तासिका तत्त्वावर होत्या, आता कुठे असतात माहीत नाही" एवढंच उत्तर मिळालं. म्हणून उघड लिहितेय. तुमच्या ओळखीच्या कुणी वाचलं तर तुमच्या कानावर तरी जाईल.

मी तुमची नववी 'ब'मधली विद्यार्थिनी, खिडकीकडच्या रांगेत तिसऱ्या बाकावर बसणारी. आठवत नसेन तरी चालेल. आता सिव्हिलच्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा घरी एक छोटी गोष्ट घडली आणि रात्रभर तुमचीच आठवण येत राहिली. ती गोष्ट सांगायच्या आधी मागचं थोडं सांगायला हवं, कारण तुम्ही आलात त्याआधी माझं काय झालं होतं हे मी तुम्हाला कधी बोलले नाही.

आठवीत आम्हाला गणित शिकवणाऱ्या सरांचं नाव मी घेणार नाही. माझ्याकडे चुलतभावाची वापरलेली कंपासपेटी होती. त्यातला कंपास फिरवला की फेरी पूर्ण होईपर्यंत त्याचे पाय हळूहळू फाकायचे. जिथून सुरुवात केली तिथे रेघ परत यायचीच नाही, बाहेरून निघून जायची. सरांनी माझी वही वर्गासमोर धरली आणि म्हणाले, "हे वर्तुळ आहे की जिलबी?" सगळा वर्ग हसला. पुढे वर्षभर मला जिलबीच म्हणायचे. सर तेवढ्यावर थांबले नाहीत. "जिला वर्तुळ येत नाही तिला प्रमेय काय येणार," असंही म्हणाले. मग पक्ष, साध्य, सिद्धता गाइडातून दहा दहा वेळा लिहून आणायची शिक्षा. मी लिहून आणायचे. एक ओळही कळत नव्हती. ज्या खासगी क्लासला आईनं पैसे भरले, तिथे तर सांगितलं, "रचना सोडूनच दे, बाकीचं पाठ कर."

कंपास न्यायचा मी बंद केला. घरून बांगडी न्यायचे आणि तिच्याभोवती पेन्सिल फिरवायचे. वर्तुळ छान गोल यायचं. पण बांगडीच्या वर्तुळाला केंद्र नसतं. त्रिज्या कुठून काढायची, जीवेवर लंब कुठून टाकायचा? उदाहरण दुसऱ्या ओळीतच अडायचं. मला वाटायचं, माझं डोकंच भूमितीचं नाही.

तुम्ही नववीत आलात. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी वह्या बघत फिरत होतात. माझ्या बाकापाशी थांबलात, वही उजेडाला धरलीत आणि हळूच विचारलंत, "अगं, तुझ्या वर्तुळाला मधे भोक कसं नाही?" मी खाली बघत होते. आता वही वर्गाला दाखवणार, एवढंच डोक्यात होतं. तुम्ही वही मिटून ठेवलीत आणि म्हणालात, "कंपास बघू तुझा."

तुम्ही तो कागदावर न टेकवता हवेतच दोन-तीनदा उघडमीट केलात. मग माझ्याच बाकाच्या टोकाला बसलात. पदराच्या काठाला एक दोरा सुटला होता, तो दातांनी तोडलात. बांगडीला अडकवलेली पिन काढलीत. कंपासच्या डोक्याशी जिथे दोन्ही पाय जोडलेले असतात, तिथल्या स्क्रूभोवती दोऱ्याचे दोन वेढे दिलेत आणि पिनेच्या टोकानं दोरा फटीत दडपत राहिलात. एकदा पिन बोटाला टोचली, तुम्ही बोट चोखलंत आणि पुन्हा कामाला लागलात. वर्ग गप्प होता. मग कंपास माझ्या हातात दिलात. "स्क्रू ढिला होता गं. तुझा हात चांगला आहे."

मी वर्तुळ काढलं. ते मिटलं.

बाई, तुम्ही पुढे सात महिने आम्हाला जे शिकवलंत ते सगळं मोलाचं आहे. पण मला विचाराल तर सगळं त्या एका वाक्यात आलं. वर्षभर सगळ्यांनी मला तपासलं होतं. माझा कंपास तपासणाऱ्या तुम्ही पहिल्या.

आणि माझी ती बांगडीची वर्तुळंही तुम्ही वाया जाऊ दिली नाहीत. दुसऱ्या दिवशी फळ्यावर स्टीलच्या डब्याच्या झाकणाभोवती खडू फिरवलात आणि वर्गाला विचारलंत, "याचं केंद्र हरवलंय, कोण शोधून देतं?" दोन जीवा काढल्या, दोघींचे लंबदुभाजक काढले, ते जिथे छेदले तिथे बोट ठेवलंत. जीवेचा लंबदुभाजक केंद्रातून जातो, हे मी आठवीत किती वेळा लिहिलं असेल! ते कशासाठी असतं ते त्या दिवशी कळलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाहीत, पण तो तास माझ्यासाठी होता हे मला माहीत आहे.

पट्टीचंही तुम्हीच सांगितलंत. पट्टीचं शून्याकडचं टोक झिजलेलं असतं, म्हणून एकपासून मोजा आणि शेवटी एक वजा करा. एवढी साधी गोष्ट आम्हाला त्याआधी कुणी सांगितली नव्हती. मग तो 'पाय' (π) या संख्येचा तास. बाटलीची झाकणं, बांगड्या, कुणी आणलेला तवा, सगळ्यांभोवती दोरा गुंडाळून परीघ मोजला आणि व्यासानं भागला. कुणाचं ३.२ आलं, कुणाचं ३.१, एकीचं २.९. तुम्ही २.९ खोडलं नाहीत. तेही फळ्यावर लिहिलंत आणि तिचा दोरा कुठे सैल पडला ते तिच्याबरोबर शोधलंत. मग आर्यभटांचं सांगितलंत. व्यास २०,००० असेल तर परीघ ६२,८३२, म्हणजे ३.१४१६, आणि हे त्यांनी इसवी सन ४९९ च्या सुमारास लिहिलं. एवढं अचूक उत्तर देऊनही त्यांनी त्याला 'आसन्न' म्हटलं, म्हणजे जवळपासचं. तो शब्द तुम्ही फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलात आणि आठवडाभर कुणाला पुसू दिला नाहीत.

माझे बाबा गवंडी आहेत. पायाची आखणी करताना काटकोनासाठी ते तीन-चार-पाच धरतात. एका दोरीवर तीन फूट, दुसरीवर चार, आणि तिरकं अंतर पाच भरलं की कोपरा बरोबर. मोठं काम असलं की सहा-आठ-दहा. लहानपणापासून मी ते बघत होते, पण ते आणि पायथागोरसचं प्रमेय एकच आहे हे तुम्ही मैदानावर दोरी ताणून दाखवलंत तेव्हा समजलं. शुल्ब म्हणजे दोरी, आणि यज्ञाच्या वेदी आखणाऱ्या बौधायनांच्या शुल्बसूत्रांत हाच नियम आहे, हेही तेव्हाच. घरी येऊन बाबांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे आमचं पुस्तकात आहे तर." त्या दिवसापासून ते मला कामाच्या ठिकाणी न्यायला लागले. ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट, हे मी तिथे उन्हात उभी राहून पावलांनी मोजलंय.

दहावीला भूमितीत ४० पैकी ३६ पडले. पेढे घेऊन शाळेत गेले, तोवर तुम्ही नव्हता. तुमचं मानधनही कित्येक महिने थकलं होतं असं नंतर ऐकलं, आणि फार वाईट वाटलं. ज्यांनी आम्हाला भूमितीची भीती घातली ते पूर्ण पगारात होते. ज्यांनी ती भीती काढली त्यांना साधा निरोपाचा नारळही मिळाला नाही. हे मी रागानंच लिहितेय.

पण चांगली माणसं असतात, बाई. आमच्या बाजारात भाजी विकणाऱ्या एक मावशी आहेत. काही तोलायच्या आधी त्या तागडीची दोन्ही पारडी रिकामी वर धरून दाखवतात. न मागता, प्रत्येक गिऱ्हाइकाला. त्यांना बघितलं की मला तुम्ही आठवता.

आता परवाची गोष्ट. आमच्या मागच्या खोलीचं काम चाललंय. बाबा पाण्याच्या नळीनं लेव्हल काढत होते, म्हणजे नळीच्या दोन्ही टोकांतलं पाणी एकाच उंचीला येतं तिथे खुणा करत होते. नळीचं दुसरं टोक एका नव्या पोरानं धरलं होतं, असेल सतरा-अठरा वर्षांचा. एका कोपऱ्याची खूण दोनदा मोजली, दोन्ही वेळा वेगळी आली, बोटभर फरक. बाबा तापले. "नीट धरता येत नाही का रे?" पोरगं घाबरून नळी आणखी घट्ट आवळायला लागलं. मी म्हटलं, "बाबा, थांबा. आधी नळी बघू."

नळी उजेडात धरून हळूहळू सरकवत गेलो. मधल्या वळणापाशी हवेचा बुडबुडा अडकला होता. बाबांनी नळी झटकली, बुडबुडा वर आला आणि फुटला. पुन्हा मोजलं. दोन्ही खुणा जुळल्या. बाबा त्या पोराला म्हणाले, "तुझं बरोबर होतं रे."

तुमची विद्यार्थिनी,
नववी 'ब', तिसरा बाक