ऑक्सिजन यंत्रांसाठी सर्व सभासद व हितचिंतकांना आवाहन

स. न. वि. वि.

आपल्या रुग्णसाहित्य केंद्राची ओळख पेठेत कोणाला करून द्यावी लागत नाही. वाड्याच्या जिन्याखालची खोली, दोन कुबड्या, एक कमोडची खुर्ची आणि अण्णांची लाल वही, एवढ्यावर हे सुरू झाले. पहिला पलंग देणाऱ्या मुख्याध्यापिका बाईंनी फंडातले पैसे काढून दिले आणि पावतीवर नाव घालू दिले नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत परदेशी असलेल्या आपल्या मुलांनी आणि लक्ष्मी रस्त्यावरच्या व्यापारी मंडळींनी यंत्रे दिली. रात्री-अपरात्री ती तीन-तीन जिने चढवणारी गणपती मंडळाची पोरे आम्ही विसरलेलो नाही. शुक्रवारातले आपले मेकॅनिक आजही एक पैसा न घेता कॉम्प्रेसर उघडून देतात. कोपऱ्यावरचे टपरीवाले दर महिन्याला ५०० रुपये आणून देतात. ते सिगारेटी विकतात हे आम्हाला ठाऊक आहे, आणि बहुधा म्हणूनच देतात.

करोना सरला तशी यंत्रे खोलीत पडून राहतील असे वाटले होते. तसे झाले नाही. आता ती सीओपीडीच्या, म्हणजे फुप्फुसांच्या जुनाट दम लागणाऱ्या आजाराच्या, रुग्णांकडे जातात. आपल्या वहीतले असे बहुतेक रुग्ण वर्षानुवर्षे विड्या-सिगारेटी ओढलेले आहेत.

वार्षिक सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "त्यांनी ओढायची आणि आम्ही भरायचे?" टाळ्या पडल्या. वाईट वाटले, पण प्रश्न रास्त आहे. भरते कोण, ते एकदा बघाच. कसबा पेठेतले एक रिक्षावाले. डॉक्टरांनी रोज किमान १५ तास ऑक्सिजन सांगितलेला. यंत्र साधारण ३५० वॉटचे, म्हणजे दिवसाला पाच युनिट, महिन्याला दीडशे. पूर्वी त्यांचे बिल शंभर युनिटांच्या आत असे, आता वरचा दर लागतो. ते बिल त्यांची पत्नी चार घरच्या पोळ्या लाटून भरते, आणि ती बाहेर असते तेव्हा यंत्रापाशी बसायला मुलगी कॉलेज बुडवते. त्या दोघींनी आयुष्यात विडी हातात धरलेली नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजना रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडते. घरचे यंत्र, रोजचा श्वासाचा पंप (इन्हेलर) आणि वीज ज्याची त्यालाच बघावी लागते.

देशाचा हिशेबही असाच आहे. २०१७-१८ मध्ये तंबाखूपायी होणाऱ्या आजार-मृत्यूंचा आर्थिक भार १ लाख ७७ हजार ३४१ कोटी रुपये निघाला. तंबाखूवरच्या अबकारी कराचे उत्पन्न त्याच्या आठव्या हिश्श्याइतकेही नव्हते. या भारात प्रत्यक्ष उपचारांचा खर्च पाव हिश्श्याहून कमी, उरलेला सगळा बुडालेल्या कमाईचा आणि अकाली मरणांचा. तो कुठल्याही कंपनीच्या ताळेबंदात दिसत नाही.

आता आपली अडचण. २०२१ ची यंत्रे थकली आहेत. ऑक्सिजनची शुद्धता ९० टक्क्यांच्या वर हवी, चार यंत्रांची ती घसरली आहे. दिवाळीनंतर थंडी आणि फटाक्यांचा धूर एकदमच येतात, आणि प्रतीक्षायादी आत्ताच वहीच्या पुढच्या पानावर गेली आहे. गेल्या वर्षी हेच आवाहन सोसायट्यांच्या फलकांवर लावले होते. एके ठिकाणी दुसऱ्याच दिवशी त्यावर पार्किंगची नोटीस चिकटली. गणपतीच्या वर्गणीला कोणी "कशासाठी" म्हणून विचारत नाही, विचारूही नये, पण आम्हाला मात्र दारातच विचारतात.

नवीन यंत्र सुमारे ५० हजार, दुरुस्ती त्याहून बरीच कमी. जमेल ती रक्कम चालेल. धनादेश संस्थेच्या नावे, क्यूआर केंद्राच्या खिडकीवर, पावती जागेवर. देणगीवरची आयकर सवलत (८०जी म्हणून ओळखली जाणारी) फक्त जुन्या करप्रणालीत, रोख असल्यास २,००० पर्यंतच. वेळ स. १० ते १२, सायं. ६ ते ८, रविवार बंद, दुपारी बेल वाजवू नये. पैसे शक्य नसतील तर आठवड्यातून दोन तास रुग्णापाशी बसायला या, त्या मुलीचे कॉलेज तरी बुडणार नाही.

यंत्र नेणाऱ्यांकडून घरात विडी-काडी न पेटवण्याची लेखी हमी घेतली जाते. ऑक्सिजनजवळ ठिणगी म्हणजे आग. एका उशीखाली बंडल सापडले तेव्हा यंत्र परत आणायचे की नाही यावर समितीत बरेच वाजले. शेवटी बंडल आणले, यंत्र ठेवले. सोडायची इच्छा असणाऱ्यांनी १८००-११-२३५६ या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर बोलावे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
सचिव

ता. क. ज्यांच्याकडे केंद्राचे वॉकर, कुबड्या, पाण्याच्या गाद्या माळ्यावर पडून आहेत, त्यांनी त्या दिवाळीच्या साफसफाईत आणून द्याव्यात. अनामत परत मिळेल, उशीर का झाला ते विचारणार नाही.