शाळा-ग्रंथालयांनी ‘ऑल-इन-वन’ घेण्याआधी

मा. संपादक,
सादर नमस्कार.

मार्चअखेर आली की शाळा, ग्रंथालये, पतसंस्था आणि ग्रामपंचायती संगणकांची दरपत्रके मागवतात. त्यांत ‘ऑल-इन-वन’, म्हणजे मॉनिटरच्या पाठीतच सगळे यंत्र बसवलेला संगणक, आता हमखास असतो. टेबल मोकळे राहते, वायरींचा गुंता होत नाही, हे खरेच आहे. पण जिथे दहा-वीस संगणक एका खोलीत सात-आठ वर्षे चालवायचे आहेत, तिथे आपण ज्याला सरसकट ‘सीपीयू’ म्हणतो तो वेगळा डबा (टॉवर) आणि वेगळा मॉनिटर हीच जोडी घ्यावी, असे आमचे ठाम मत आहे.

कारण मॉनिटर आणि संगणक एकाच वेळी म्हातारे होत नाहीत. चांगला मॉनिटर दहा वर्षे सहज चालतो. आतले यंत्र त्याआधीच मागे पडते. ताजे उदाहरण विंडोज १० चे. मायक्रोसॉफ्टने तिची नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. त्यामुळे २०१६-१७ च्या आसपास घेतलेले सहाव्या-सातव्या पिढीचे बहुतेक संगणक चालू असूनही बाद ठरले.

यातल्या टॉवरमध्ये मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारी मुख्य पाटी) आणि प्रोसेसर बदलला की काम भागते. कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड, साटा एसएसडी (माहिती साठवणारी डिस्क) तेच राहतात. जुनी रॅम (तात्पुरती मेमरी) डीडीआर४ प्रकारची असेल आणि नवा बोर्ड डीडीआर४ चाच निवडला तर तीही वाचते. मॉनिटरला फक्त व्हीजीए (जुन्या पद्धतीचा जोड) असेल तर व्हीजीए असलेला बोर्ड घ्यावा. स्वस्त बोर्डांवर तो अजून मिळतो. एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) सहा-सात वर्षांचा झाला असेल तर तो मात्र त्याच वेळी बदलावा, कारण त्यातले कपॅसिटर सुकलेले असतात आणि नव्या बोर्डचा बळी जाऊ शकतो. आणखी एक खर्च आधीच धरावा: संगणकाबरोबर आलेला विंडोजचा परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो, बोर्ड बदलला की तो बहुधा लागू होत नाही. याच वयाच्या ऑल-इन-वनचे काय करायचे? त्याचा बोर्ड त्या एका मॉडेलच्या सांगाड्यासाठीच बनलेला असतो. लिनक्स टाकून तो चालवता येतो (सी-डॅकची ‘बॉस’ प्रणाली आहे, उबुंटू आहे), आणि शाळांनी ते जरूर करावे. पण विंडोजच हवी असेल तर उत्तम पडद्यासकट अख्खे यंत्र भंगारात जाते. बाहेरचा सिग्नल घेणारे एचडीएमआय-इन पोर्ट मोजक्याच मॉडेलांना असते. ते असेल तर निदान पडदा मॉनिटर म्हणून वापरता येतो.

दुरुस्तीत हा फरक जास्त जाणवतो. टॉवर सुरूच होत नसेल तर आधी मुख्य वायर काढून एसएमपीएसचा २४ पिनांचा जोड बोर्डावरून सोडवायचा, त्यातली हिरवी आणि कोणतीही काळी तार वायरच्या तुकड्याने जोडायची आणि मग वीज द्यायची. पंखा फिरला नाही तर दोष बहुतेक एसएमपीएसचाच. फिरला तरी तो भार झेलेल याची खात्री नसते, म्हणून शेजारच्या संगणकाचा एसएमपीएस लावून पाहायचा. बीप वाजत असतील तर रॅम काढून तिचे सोनेरी टोक पेन्सिलच्या खोडरबराने पुसून परत बसवायची. कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत पावसाळ्यानंतर हे काम हमखास निघते. तारीख-वेळ चुकत असेल तर सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल बदलायचा. सगळे काम एका स्क्रू-ड्रायव्हरवर होते. एका प्रयोगशाळेतले वीस सारखे टॉवर हे एकमेकांचे सुटे भागच असतात.

ऑल-इन-वन उघडायचा म्हणजे मऊ कापडावर पडदा पालथा घालून पाठीमागचे झाकण प्लॅस्टिकच्या पट्टीने कडेकडेने सोडवायचे. चार-पाच वर्षांत प्लॅस्टिक ठिसूळ होते आणि खाचा तुटतात. काही मॉडेलांत उलट पडदाच पुढून काढावा लागतो, आणि घाईने ओढला की त्याची चपटी रिबन केबल फाटते. आत भाग लॅपटॉपचे: छोटी एसओ-डिम रॅम, पातळ ब्लोअर पंखा. काहींत रॅम बोर्डवरच डाखलेली असते. ती बिघडली तर बोर्डच बदलावा लागतो. बाहेरचा अ‍ॅडॅप्टर मल्टिमीटरने तपासता येतो. त्यावर लिहिलेला व्होल्टेज, बहुधा १९ किंवा २० व्होल्ट, येत असूनही यंत्र मृत असेल तर मामला बोर्डचा, आणि तो भाग तालुक्याच्या गावी मिळत नाही.

पडदा फुटला तर बाजारातला त्याच इंचाचा कोणताही पडदा बसत नाही. आतल्या पॅनेलच्या पाठीवर छापलेला क्रमांक पाहून, ३० पिन की ४० पिन, रिझोल्यूशन किती, जोड कोणत्या बाजूला, हे जुळवूनच मागवावा लागतो. मुलांच्या प्रयोगशाळेत पडद्यावर दप्तर आदळणे ही रोजची शक्यता आहे. टॉवरच्या बाबतीत त्या दिवशी दुसरा मॉनिटर लावून तास चालू ठेवता येतो.

उष्णतेचेही तसेच. विदर्भात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. ऑल-इन-वनमध्ये पडद्याचा बॅकलाइट, प्रोसेसर आणि एसएसडी एकाच पातळ पोकळीत तापतात. पंखा आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या) जाळीमध्ये धुळीचा नमदा बसला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. लोक त्याला व्हायरस समजून फॉरमॅट करून घेतात आणि पुन्हा तेच होते. टॉवरही धूळ खातोच. म्हणून तो जमिनीवर ठेवू नये, चार-सहा इंच उंच ठेवावा. फरशी पुसण्याचे पाणी आणि धूळ दोन्ही टळतात. कॉम्प्युटर टेबलाच्या बंद खणात तर तो अजिबात कोंडू नये. मागे कार्डाच्या रिकाम्या फटीवरची पत्र्याची पट्टी निघाली असेल तर ती आधी लावावी, कारण उंदीर आणि पाली तिथूनच आत जातात.

सहकारी संस्थांसाठी वेगळी अडचण आहे. दूध संकलन केंद्रातले फॅट मशीन, कारखान्यावरचा वजनकाटा ही यंत्रे अजूनही बऱ्याच ठिकाणी नऊ पिनांच्या सिरीअल पोर्टवर चालतात. यूएसबी कन्व्हर्टरने बहुतेक वेळा काम होते, पण त्याचा कॉम पोर्ट क्रमांक कधी कधी बदलतो आणि ऐन गर्दीत वजन यायचे थांबते. टॉवरमध्ये मदरबोर्डवरच्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटला सिरीअल कार्ड लावले की क्रमांक पक्का राहतो. जुन्या मराठी डीटीपी सॉफ्टवेअरचे पॅरलल पोर्टचे डोंगल (सॉफ्टवेअर चालण्यासाठी लावावी लागणारी किल्ली) तर प्रिंटरसाठीच्या यूएसबी कन्व्हर्टरवर सहसा चालतच नाही. तिथे कार्डच लागते, आणि ऑल-इन-वनमध्ये कार्ड लावायला जागाच नाही.

ऑल-इन-वनच्या बाजूनेही सांगितले पाहिजे. तो वीज कमी खातो. साध्या कामात ऑल-इन-वन ३५-४० वॉट आणि टॉवर-मॉनिटर मिळून ५५-६० वॉट धरले, तर २० वॉटचा फरक; दिवसाला ६ तास आणि वर्षाला २२० दिवस म्हणजे एका संगणकामागे २६ युनिट, वीस संगणकांमागे पाचशेच्या वर. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला पाच हजारांवर वाचतात. ६०० व्हीएच्या यूपीएसवर तो टॉवरपेक्षा बराच जास्त वेळ टिकतो. पण त्यात लॅपटॉपसारखी बॅटरी असते हा गैरसमज आहे. यूपीएस नसेल तर वीज जाताच तो बंद पडतो. दवाखान्याचा काउंटर, वकिलांचे ऑफिस, घरात आजी-आजोबांना नातवंडांशी व्हिडिओवर बोलायला, अशा एकेका वापरासाठी तो सोयीचा आहे. मात्र रॅम आणि एसएसडी बदलता येतील असेच मॉडेल पाहावे.

जागा आणि वीज हीच अडचण असेल तर मधला मार्ग आहे, आणि तो दरपत्रकांत फारसा दिसत नाही याचे वाईट वाटते. पुस्तकाएवढा मिनी पीसी मॉनिटरच्या पाठीवरच्या १०० × १०० मिमीच्या चार स्क्रूंवर बसवता येतो. वीज जवळपास ऑल-इन-वनइतकीच, टेबल तेवढेच मोकळे, आणि यंत्र गेले तरी पडदा शाबूत. कार्ड लावता येत नाही, एवढी उणीव आहे. मॉनिटर घेताना त्याचे स्टँड याच छिद्रांवर बसत नाही ना, तेवढे पाहावे.

शेवटी एक सावधगिरी टॉवर घेणाऱ्यांसाठी. टॉवर दिसतो म्हणून त्यातले भाग बाजारात मिळतीलच असे नाही. काही ब्रँडेड टॉवरमध्ये एसएमपीएस आणि मदरबोर्ड कंपनीच्या स्वतःच्या मापाचे असतात, मुख्य जोड २४ ऐवजी ४ किंवा ६ पिनांचा असतो, आणि मग वर लिहिलेले बरेचसे फायदे हातचे जातात. म्हणून दरपत्रक मागवताना या ओळी तशाच लिहाव्यात: मदरबोर्ड प्रमाणित मायक्रो-एटीएक्स, जोड २४ पिन, एसएमपीएस प्रमाणित एटीएक्स मापाचा, रॅमचे किमान दोन स्लॉट, त्यातला एक रिकामा, कॅबिनेटला कुलपाची कडी (प्रयोगशाळांतून रॅम चोरीला जाते), मॉनिटर वेगळा, एचडीएमआयसह, जागेवर सेवा देणारी तीन वर्षांची वॉरंटी. आणि माल आल्यावर बिल मंजूर करण्याआधी एका टॉवरचे झाकण उघडून हे सगळे डोळ्यांनी पाहावे.

आपले,
संगणक देखभाल-दुरुस्ती व्यवसायातील काही वाचक