बेसमेंट राहू द्या, आमच्या स्लॅबचं बघा

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मध्यंतरी हिवाळ्यात घर उबदार कसं ठेवावं यावर एक लेख आला होता. बेसमेंटच्या भिंतींना आतून ग्लासवूल (काचेच्या तंतूंची गादी) लावा, त्यावर प्लास्टिकचा कागद ताणून बसवा, वरून बोर्ड मारा म्हणजे घरातली ऊब बाहेर जाणार नाही, असं सगळं फोटोसकट दिलेलं होतं. लेख वाईट नव्हता हो, पण तो नक्की कुणासाठी होता तेच कळलं नाही. आमच्याकडे गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंत हिवाळा म्हणजे पहाटे गोधडी ओढायची आणि दहा वाजता घाम पुसायचा, दापोलीवाले स्वतःला मिनी महाबळेश्वर म्हणवतात ते सोडा. आणि बेसमेंट म्हणाल तर २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा तळमजल्याची दुकानं ज्यांनी बुडताना बघितली त्यांच्यासमोर तळघराचा विषय काढून बघा एकदा.

हसून सोडून दिलं असतं, पण मी बांधकामातला माणूस आहे आणि त्या लेखाचं कात्रण आता व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत फिरत माझ्याकडे गिऱ्हाईकांकडून येतंय. गावचं घर नव्याने बांधणारे चाकरमानी फोटो पाठवतात आणि म्हणतात आमच्या एसीच्या खोलीला पण असंच करा, पेपरात आलंय. पेपरात आलंय म्हटल्यावर पुढे माझं कोण ऐकतो, म्हणून शेवटी पेपरलाच लिहितोय.

आधी हे सांगतो की कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात तो सल्ला बऱ्यापैकी बरोबर आहे. तिकडे घराखाली अख्खा मजला जमिनीत असतो, काँक्रीटची भिंत, आणि काँक्रीट उष्णता अडवायच्या कामाचं नाही. एक इंच फोमचा बोर्ड जेवढी उष्णता अडवतो तेवढी अडवायला काँक्रीट जवळजवळ चार फूट जाड लागेल. खोल जमीन हिवाळ्यात फारशी गार होत नाही त्यामुळे खरी गळती भिंतीच्या वरच्या भागातून, जो जमिनीच्या वर डोकावतो आणि बर्फाळ हवेला तोंड देतो तिथून, आणि भिंतीच्या डोक्यावर जिथे वरच्या मजल्याच्या लाकडी तुळया टेकतात तिथल्या फटींतून. घरातली गरम हवा वर चढून माळ्यातून निघून जाते आणि तिची जागा भरायला खालून त्या फटींतून गार हवा आत ओढली जाते, म्हणून तिकडचे जाणकार आधी त्या फटी फोमने बुजवतात आणि मग भिंतीचं बघतात. लेखात फटींबद्दल एक ओळ नव्हती. आणि त्याच्याही आधी भिंतीला बाहेरून पाणी लागतंय का ते बघायचं असतं, पन्हळीचं पाणी घरापासून लांब सोडायचं असतं, ते पण नव्हतं. ओल्या भिंतीवर इन्सुलेशन लावलं की ती ओल झाकली जाते, जात नाही.

तिकडेसुद्धा प्लास्टिक आणि ग्लासवूलवर सगळ्यांचं एकमत नाहीये. कारण बघा, हिवाळ्यात त्यांच्या घरात समजा २१ डिग्री आहे आणि हवेत ४० टक्के ओलावा, तर ती हवा ७ डिग्रीच्या आसपास गार झाली की तिच्यातलं पाणी सुटायला लागतं. ग्लासवूलमधून हवा आरपार जाते, ती मागच्या थंडगार काँक्रीटला टेकली की तिथे पाणी धरतं आणि लाकडाच्या चौकटीला बुरशी. म्हणून बरेच जण फोमचा बोर्ड थेट काँक्रीटला चिकटवून सांधे टेपने बंद करतात, घरातली हवा थंड भिंतीपर्यंत पोचलीच नाही पाहिजे म्हणून.

आता हेच कोकणात आणा. इथे सगळं उलटं होतं आणि माझं सगळं म्हणणं एवढ्या एका गोष्टीवर आहे. तिकडे ओलावा घरातून बाहेर जायला बघतो, आमच्याकडे एसी लावलेल्या खोलीत तो बाहेरून आत यायला बघतो. पावसाळ्यात बाहेर ३० डिग्री आणि ८५ टक्के ओलावा हे काही विशेष नाही, अशी हवा २७ डिग्रीलाच पाणी सोडते. आणि एसी तर २२-२३ वर लावलेला असतो, कारण मुंबईहून आलेल्या मंडळींना त्याहून जास्तीत झोप लागत नाही. म्हणजे आतल्या बाजूचं प्लास्टिक हे गार पत्र्यासारखं झालं आणि चिऱ्याच्या भिंतीतून आलेली दमट हवा मागच्या बाजूने त्यालाच जाऊन टेकणार. पाणी होणार नाही तर काय होणार?

असं एक काम उघडलेलं मी बघितलंय. पाहुण्यांना भाड्याने द्यायला बांधलेली समुद्राकाठची खोली, काम दुसऱ्याच कुणीतरी केलेलं, मला बोलावलं ते वास येतो म्हणून. वरून सगळं चकाचक, पांढरा बोर्ड, एलईडी पट्ट्या. खालच्या कोपऱ्यात बोट दाबलं तर बोर्ड पापडासारखा आत गेला. स्क्रू काढायला घेतले तर अर्ध्यांचे माथे गंजून तुटले, आणि बोर्ड सुटल्यावर मागे प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंबच थेंब, खाली ओघळून पट्टीत साचलेले, ग्लासवूल पाण्याच्या वजनाने खाली बसलेलं आणि वरची अर्धी भिंत मोकळीच. चिऱ्यावर काळी बुरशी हाताला लागेल एवढी. मालकाला वाटत होतं स्लॅब गळतोय, त्याने वरून डांबर पण मारून घेतलं होतं. स्लॅब ठणठणीत होता. पाणी हवेतलंच होतं.

तेव्हा कुणाला एसीची खोली करायचीच असेल तर आतल्या बाजूला प्लास्टिक नको, चकचकीत विनाईलचा वॉलपेपर तर अजिबातच नको (तो पण प्लास्टिकच, हे लोकांच्या लक्षात येत नाही). ओलावा अडवायचा तो बाहेरून, म्हणजे पश्चिमेच्या भिंतीला झडीचं पाणी लागू नये अशी व्यवस्था, चांगला गिलावा, खिडकीच्या चौकटीभोवतीच्या फटी बंद, आणि एसी २६-२७ वर ठेवून पंखा लावा. पूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर पश्चिमेला नारळाची झापं बांधायचे ते काय हौस म्हणून नव्हे.

आणि आमच्याकडे बेसमेंट अगदीच नाही असंही नाही म्हणता येणार. डोंगर कापून जागा काढलेली घरं बघा, मागची भिंत कमरेपर्यंत किंवा छातीपर्यंत मातीला टेकलेली असते, तेच आमचं बेसमेंट. त्या खोलीत चातुर्मासभर कपडे वाळत नाहीत, रंगाचे पोपडे पडतात, लोणा लागतो, आणि लोक दरवर्षी नवीन वॉटरप्रूफ पेंट आणून आतून फासतात. जांभा चिरा हा पाणी पिणारा दगड आहे, मागे डोंगरातून झिरपणारं पाणी थोपलेलं असताना आतून कितीही रंग मारा, पाणी रंगाला ढकलून बाहेर येणार. तिथे थर्मोकोल नको आणि ग्लासवूल नको, भिंतीच्या मागची माती जमेल तेवढी मोकळी करून दगडगोट्यांचं गटार काढा, त्याला उतार द्या, पागोळ्यांचं पाणी त्या बाजूला पडूच देऊ नका, भिंतीला बाहेरून वॉटरप्रूफिंग करा. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो सगळा डोंगरावरून खालीच येणार आहे. हे खर्चाचं काम आहे आणि फोटोत दिसत नाही म्हणून कुणाला करायचं नसतं.

पण खरं सांगायचं तर आमचं दुखणं भिंतीत कमी आणि डोक्यावर जास्त आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते, रायगड आणि दापोली-मंडणगडकडे कौलं पत्त्यासारखी उडाली, आणि ज्याच्याकडे थोडेफार पैसे होते त्याने स्लॅब टाकला. त्यात लोकांची चूक नाही, दरवर्षी कौलं चाळायला, शाकारायला माणसं तरी कुठे मिळतात आता. पण मंगलोरी कौलाच्या घराला फटी असतात, गरम हवा वरून निघून जाते, मधे माळा असतो, तो उन्हाची झळ खाली येऊ देत नाही. स्लॅबला यातलं काही नाही. दिवसभर तापतो आणि संध्याकाळी सातला तुम्ही जेवायला बसता तेव्हा ती सगळी धग खोलीत सोडायला लागतो, मग पंखा काय करणार, वरची गरम हवा खाली ढकलणार. भिरा गावात २८ मार्च २०१७ ला ४६.५ डिग्री नोंदलं गेलं होतं, ते रायगडमध्येच आहे, विदर्भात नव्हे. हवामान खात्याचाही किनाऱ्यासाठी उष्णतेच्या लाटेचा हिशोब ३७ डिग्रीपासून सुरू होतो, कारण इथल्या दमट हवेत घाम वाळत नाही.

२०१८ साली केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने इको-निवास संहिता म्हणून राहत्या घरांसाठी नियम काढले, त्यात छतातून किती उष्णता झिरपावी याची हद्द १.२ अशी घातलेली आहे (वॅट, दर चौरस मीटरला, दर डिग्रीला). आपला उघडा पाच इंची स्लॅब त्याच्या अडीच-तीन पट जातो. तेव्हाचा तो नियम ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटसाठी होता, वाडीतल्या घराला कोण विचारतोय, पण माप म्हणून ते उपयोगाचं आहे. स्लॅबवर एक्सपीएसचा (म्हणजे घट्ट फोमचा) एक इंची बोर्ड टाकून वर सिमेंटचा कोबा केला तरी आपण त्या हद्दीच्या आत येतो. वर म्हणजे वरच, खाली पीओपीच्या सीलिंगमध्ये थर्मोकोल भरून नव्हे, कारण मग स्लॅब तापायचा तो तापतोच, तडे जायचे ते जातातच आणि गळती सुरू झाली तरी सीलिंग डागाळेपर्यंत कळत नाही.

ज्यांना एवढं जमणार नाही त्यांच्यासाठी स्वस्तातलं पण आहे. घरकुल योजनेतलं घर कमीत कमी २५ चौरस मीटरचं, त्यात डोक्यावर तापलेला स्लॅब किंवा पत्रा, त्या माणसाला एक्सपीएस सांगून काय उपयोग. त्याने फेब्रुवारीत स्लॅब खरवडून शेवाळ काढावं आणि पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्यावेत, एवढ्यानेही फरक पडतो. पण एकदा मारला आणि विसरला असं कोकणात चालत नाही, एक पावसाळा झाला की शेवाळाने स्लॅब काळा होतो आणि काळा म्हणजे आणखी गरम, तेव्हा दरवर्षी करायचं. गळती थांबवायला स्लॅबवर पत्र्याची शेड तर आता दर तिसऱ्या घरावर दिसते, ती सावली म्हणूनही उत्तम काम करते, फक्त चारी बाजू बंद करून तिथे सामानाची खोली करू नका, वारा खेळू द्या. आणि अँगल स्लॅबला नीट बोल्टने बांधा, नुसते दगड ठेवून नाही, निसर्गच्या वेळी पत्रे कुठे कुठे जाऊन पडले होते ते आठवा.

आपल्याला विनंती एवढीच की पुढच्या वेळी असला लेख छापताना खाली हा कुठल्या हवेसाठी आहे ते एका ओळीत लिहा, आणि जमलं तर कोकण आवृत्तीत इथल्या एखाद्या इंजिनिअरकडून स्लॅब, चिरा आणि ओल यावर सविस्तर लिहून घ्या. तो लेख जानेवारी संपायच्या आत यायला हवा, कारण ही सगळी कामं कोरड्या स्लॅबवर करायची असतात आणि मे उजाडला की गवंडी हाताशी राहत नाही, आंब्याच्या नाहीतर लग्नाच्या गडबडीत असतो.

आपला,
एक वाचक, गुहागर (जि. रत्नागिरी)