फोर बाय फोर आणि भरतीची वेळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद देता येते अशा गाड्यांवरचा लेख वाचला. लेख ठीकच होता. हे पत्र लिहितोय ते त्याच्यावर छापलेल्या फोटोमुळे. पाण्याचे फवारे उडवत, अर्धी चाकं समुद्रात घालून गाडी चाललीय आणि टपातून दोन पोरं बाहेर डोकावताहेत. दापोली तालुक्यात पुळणीपासून, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूपासून, हाकेच्या अंतरावर माझं घर आहे. असा फोटो छापून आला की पुढच्या शनिवार-रविवारी आमच्याकडे काय होतं, ते मुंबई-पुण्यात बसून कळायचं नाही.

मी या गाड्यांच्या विरोधात आहे असं कृपा करून समजू नका. माझ्याकडे स्वतःची आहे, 2013 सालची, सेकंडहँड घेतलेली. त्याआधी वडिलांकडे जुनी जीप होती. महिंद्रांनी 1947 मध्ये मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली, त्याच घराण्यातली. आमच्या गावात अजूनही चौकोनी तोंडाची कुठलीही गाडी दिसली की म्हातारी माणसं तिला जीपच म्हणतात, मग ती थार असो, जिमनी असो की गुरखा.

माझी आंब्याच्या कलमांची बाग सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर आहे. वर जायला दीड किलोमीटरचा कच्चा रस्ता, एका बाजूला जांभ्याचा गडगा, दुसऱ्या बाजूला उतार. एप्रिलपर्यंत त्यावरून कुठलाही टेम्पो जातो. मे महिन्यात एक वळीव पडला की तीच लाल माती साबणासारखी होते आणि नेमके त्याच आठवड्यात आंबे उतरवायचे असतात. अशा वेळी मागे आंब्यांच्या तीसेक जाळ्या (क्रेट) भरून, फोर-लो, म्हणजे चारही चाकांना कमी वेगात जास्त ताकद देणारा गिअर टाकून, पहिल्या गिअरमध्ये खाली यायचं. ब्रेकवर पाय ठेवायचा नाही. ब्रेक दाबला की चाकं धरली जातात आणि गाडी घसरते. इंजिनच गाडीला धरून ठेवतं, माणूस चालेल त्या गतीने ती उतरत राहते आणि आपण फक्त स्टिअरिंग सांभाळायचं. मागे एकही जाळी हलत नाही. हे सुख ज्याला कळलं त्याला शंभरच्या स्पीडचं कौतुक राहत नाही. लेखात वेगाबद्दल चार परिच्छेद होते आणि फोर-लोच्या या लहानशा लिव्हरबद्दल एक ओळ. म्हणून मुद्दाम लिहिलं.

तोटे म्हणाल तर घरात विचारा. बायकोचं म्हणणं, या गाडीतून खेडला जाऊन आलं की दोन दिवस कंबर शेकावी लागते. मागच्या आडव्या बाकांवर पाहुणे एकदाच बसतात, दुसऱ्यांदा एसटी बरी म्हणतात. डिझेलला लिटरमागे दहा मिळाले तर मी खूश. पावसाळ्यात हूड कुठून गळतं ते मला पाठ आहे, तिथे टॉवेल ठेवतो. खारी हवा पत्रा खाते. दर पावसाळ्याआधी खालून गंजरोधक मारून घ्यावं लागतं, नाहीतर चार वर्षांत चॅसीला पापुद्रे सुटतात. मुलगा पुण्याला असतो, त्याच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी लावणं म्हणजे गोठ्यात हत्ती बांधण्यासारखं. आणि एक, कोरड्या डांबरावर फोर बाय फोर टाकून फिरू नये. वळताना पुढच्या-मागच्या चाकांना कमी-जास्त अंतर कापावं लागतं. मातीत घसरून ते जमून जातं, डांबरावर जमत नाही. टायर कुरकुरतात, गाडी अडखळते आणि सगळा ताण आतल्या दांत्यांवर येतो. शोरूममध्ये हे कुणी समजावून सांगताना मी तरी ऐकलं नाही.

आता त्या फोटोबद्दल.

गेल्या वर्षी दत्तजयंतीनंतरच्या द्वितीयेला साडेबाराच्या सुमारास एक मुलगा धावत घरी आला. "काका, तुमच्याकडे जीप आहे ना? टोचन मारता?" खाली जाऊन बघतो तर नवी कोरी गाडी, नंबरप्लेटला हार तसाच, चॅसीपर्यंत पुळणीत बसलेली. अकराच्या सुमारास ओल्या कडक वाळूवरून छान धावली होती. फोटोसाठी थांबवली. थांबल्या जागी चाकांखालची वाळू मऊ झाली, मग अॅक्सिलरेटर दाबून दाबून पोरांनी स्वतःच खड्डा खणला. पाणी दहा पावलांवर आलं होतं.

आमच्याकडे भरतीचा हिशोब शाळेतल्या पोरालाही येतो. तिथीची पाऊणपट करायची. द्वितीया म्हणजे दीड, तर पूर्ण भरती दीडच्या सुमारास, थोडं मागेपुढे. शिवाय पौर्णिमा-अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे, पाणी नेहमीपेक्षा बरंच वर चढतं. म्हणजे त्या दिवशी अकरा वाजता गाडी खाली उतरवायचीच नव्हती.

टायरची हवा निम्म्यावर आणली, मागच्या चाकांखाली नारळाच्या झावळ्या घातल्या, रापणीच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या मासेमारीच्या जाळ्याच्या) दोराला दोर जोडून माझी गाडी वरच्या कोरड्या जागी उभी केली आणि ओढली. दोर दोनदा तुटला. तिसऱ्यांदा गाडी हलली, तोवर पाणी दाराच्या उंबऱ्याला लागलं होतं. आत पायाखालचे गालिचे तरंगत होते. पुढे काय झालं ठाऊक नाही, पण खारं पाणी वायरिंगमध्ये आणि बेअरिंगमध्ये शिरलं की गाडी बरेच दिवस खर्च काढत राहते. इंजिनात पाणी गेल्याचं नुकसान साध्या विम्यात बहुधा मिळत नाही, त्यासाठी वेगळं कवच घ्यावं लागतं, हेही पोरांना तिथेच कळलं.

त्यातला एकजण मला म्हणाला, "पण काका, कंपनी म्हणते साडेसहाशे मिलिमीटर पाण्यातून जाते." जाते ना. ओढ्यातून जाते. तळाशी गोटे असलेल्या, वाहत्या गोड्या पाण्यातून, एकदा, सावकाश. समुद्र म्हणजे ओढा नव्हे. बरं, आता थारसारखी गाडीही 2023 पासून नुसत्या मागच्या चाकांवर चालणारी मिळते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. आपल्याकडची नेमकी कुठली, हे वाळूत उतरण्याआधी तरी बघावं.

गाडीवाल्याचं नुकसान त्याचं तो बघेल. मला जास्त लागतं ते दुसरंच. आंजर्ले, केळशी, पलीकडे मंडणगडातलं वेळास, या पुळणींवर थंडीच्या महिन्यांत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. एका खड्ड्यात शंभराच्या आसपास अंडी. गावातली पोरं पहाटे उठून पावलांचा माग काढतात, अंडी काढून कुंपणाच्या आत पुरतात आणि पन्नासेक दिवसांनी पिल्लं समुद्रात सोडतात. माग काढायचा तो वाळूवरच्या खुणांवरून. रात्री एक गाडी फिरून गेली की खुणा पुसल्या आणि घरटं चाकाखाली. पिल्लू माझ्या तळहातात मावतं. टायरच्या चाकोरीत पडलं तर त्याला वर येता येत नाही, चाकोरीतूनच ते आडवं चालत राहतं आणि सकाळी कावळ्यांना सापडतं. असं पिल्लू मी स्वतः उचललेलं आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या अनुसूचीतला हा प्राणी. पुरवणीतल्या त्या फोटोखाली एवढं एक वाक्य टाकता आलं असतं.

हौस करायला जागा नाही असं नाही. आमच्या सड्यांवर कच्चे रस्ते भरपूर आहेत, फक्त रस्ता सोडून कातळावर चढू नका, रत्नागिरीकडे त्याच कातळावर शिल्पं सापडली आहेत. पावसाळ्यात गावातल्या माणसाला बरोबर घ्या, चहा-पाण्याचे पैसे द्या, तो तुम्हाला अशा वाटा दाखवील की फोर-लो खऱ्या अर्थाने लागेल.

आपल्याला एक विनंती. आपण रोज सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा छापता. कोकण आवृत्तीत त्यांच्या शेजारीच त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा छापाव्यात. दोन ओळींची जागा लागेल. मुंबई-पुण्याच्या आवृत्त्यांत निदान शनिवारी छापाव्यात, कारण गाड्या तिकडूनच येतात.

पत्र छापल्यास नाव आणि गाव कृपया देऊ नये. आधीच माझा नंबर दोन हॉटेलवाल्यांनी काउंटरवर चिकटवलाय आणि मेमध्ये मला आंबे उतरवायचे असतात.

आपला नियमित वाचक,
एक बागायतदार, ता. दापोली