गणिताच्या तासाला पडदा मुलांच्या हाती द्यावा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नागपूर शहर व जिल्ह्यातील अनेक शाळांत गेल्या काही वर्षांत स्मार्ट बोर्ड, प्रोजेक्टर आणि टॅब आले, याचे गणिताचा शिक्षक म्हणून मला मनापासून समाधान वाटते. परंतु माझ्या पाहण्यातल्या बहुतेक वर्गांत या साधनांचा उपयोग तयार व्हिडिओ लावण्यापुरताच होतो. पडद्यावर उदाहरण आपोआप सुटत जाते, मुले ते वहीत उतरवून घेतात आणि तास संपतो. फळ्यावरून उतरवून घेण्यापेक्षा यात वेगळे काही घडत नाही.

वेगळे घडू शकते ते प्रामुख्याने भूमितीत. जिओजेब्रा हे पडद्यावर हलवता येणाऱ्या आकृत्या काढण्याचे सॉफ्टवेअर मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली ऑस्ट्रियातील साल्झबर्ग विद्यापीठात शिकत असताना तयार करायला घेतले. शाळांना ते विनामूल्य मिळते, एकदा डाउनलोड केले की इंटरनेटशिवायही चालते आणि बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांतही ते वापरून पाहण्याची सूचना आहे. दहावीतील अंतर्लिखित कोनाचे प्रमेय घ्या. वर्तुळात एक जीवा काढावी, वर्तुळावर एक बिंदू घेऊन तो जीवेच्या दोन्ही टोकांना जोडावा आणि तेथे होणारा कोन मोजावा. समजा, तो ७०° आला. आता विद्यार्थ्याने तो बिंदू स्वतःच्या बोटाने सरकवावा. त्या कंसावर बिंदू कुठेही नेला तरी कोन ७०° च राहतो आणि जीवेचे टोक ओलांडून बिंदू पलीकडच्या कंसावर गेला की एकदम ११०° होतो. ‘सर, असं का झालं?’ हा प्रश्न त्याच क्षणी वर्गातून येतो. पुस्तकातल्या स्थिर आकृतीवरून तो क्वचितच येतो. चक्रीय चौकोनाचे संमुख कोन परस्परांचे पूरक असतात, म्हणजे त्यांची बेरीज १८०° असते, हे शिकवण्याची योग्य वेळ तीच.

अर्थात, शंभर ठिकाणी ७०° दिसले म्हणून प्रमेय सिद्ध होत नाही. त्रिकोणाचे कोन एका दशांश स्थळापर्यंत दाखवले, तर त्यांची बेरीज कधीकधी १७९.९ किंवा १८०.१ येते, कारण प्रत्येक कोन जवळच्या दशांशापर्यंत घेतलेला असतो. एखाद्या मुलीने ही तफावत टिपली, तर शिक्षकाने तिथे थांबून मोजणे आणि सिद्ध करणे यांतला फरक जरूर समजावून द्यावा. त्यानंतर पडदा बंद करून केंद्र जोडणे, समद्विभुज त्रिकोण ओळखणे आणि प्रत्येक पायरीपुढे कारण लिहिणे हे वहीतच झाले पाहिजे. कंपासपेटीही बाजूला पडता कामा नये. बोर्डाच्या परीक्षेत रचना हातानेच काढाव्या लागतात आणि कोनदुभाजक स्वतः काढणाऱ्या मुलाला तो कोन का दुभागतो हेही लवकर उमगते.

हे सारे शिक्षकाच्या तयारीवर अवलंबून आहे आणि तयारीला वेळ लागतो. बोर्ड चालू-बंद करणे शिकवणाऱ्या एका दिवसाच्या प्रशिक्षणाने ते साधत नाही. उन्हाळ्यामुळे विदर्भातील शाळा उर्वरित राज्यानंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. त्यामुळे पहिल्या सत्राचे दिवस आधीच कमी पडतात. त्यातच माहिती भरण्याची आणि इतर अशैक्षणिक कामे येतात. म्हणून नागपूरच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने माध्यमिक गणित शिक्षकांसाठी प्रकरणवार कार्यशाळा घ्याव्यात आणि प्रत्येक शिक्षकाने तेथून निदान दोन प्रकरणांच्या स्वतः तयार केलेल्या आकृत्या घेऊनच परतावे, अशी व्यवस्था करावी.

महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागांनीही नवे पॅनल खरेदी करण्यापूर्वी, जिथे संगणक कक्ष आहे तिथे आठवड्यातील एक तास वेळापत्रकात गणितासाठी राखून द्यावा. एका संगणकावर दोन विद्यार्थी बसवावेत. एकाने आकृती हलवावी, दुसऱ्याने निरीक्षणे लिहावीत आणि मग जागा बदलाव्यात. यासाठी वेगळा निधी लागणार नाही. मुख्याध्यापकांना तसे लेखी कळवले तर येत्या सत्रापासूनच ही सुरुवात होऊ शकेल.

आपला,
एक माध्यमिक गणित शिक्षक, नागपूर